‘अल-इत्तिहाद’चे जुने अंक कसे वाचावेत

१४ मे १९४४ रोजी हैफा येथे सुरू झालेले ‘अल-इत्तिहाद’ हे आज इस्रायलच्या कम्युनिस्ट पक्षाचे अरबी दैनिक आहे. एमिल तूमा, तौफिक तूबी आणि एमिल हबीबी हे त्याचे संस्थापक. त्याचा इतिहास अभ्यासताना आधी तारीख वाचायला शिकावे. अरबी अंकांत पाच हा आकडा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. हे ध्यानात नसेल, तर १९५३ चा अंक हाती असूनही तो १९०३ चा वाटतो. शिवाय तिकडे मे महिन्याला ‘अय्यार’ म्हणतात.

त्यानंतर हा अंक त्या काळी कोणत्या संघटनेचा होता, ते पाहावे. सुरुवातीला तो नॅशनल लिबरेशन लीग या पॅलेस्टाईनमधील अरब कम्युनिस्टांच्या संघटनेशी जोडलेला होता. १९४८ मध्ये लीगची मंडळी इस्रायली कम्युनिस्ट पक्षात सामील झाली आणि १९६५ मध्ये त्या पक्षात पडलेल्या फुटीनंतर पत्र ‘राकाह’ या मुख्यतः अरब सदस्यांच्या गटाकडे राहिले. साप्ताहिकाचे दैनिक होण्यास १९८० चे दशक उजाडले.

अंकांत खंड पडलेला दिसल्यास लगेच संग्रहालाच दोष देऊ नये. १९५३ मध्ये गृहमंत्र्यांनी हे पत्र आणि पक्षाचे हिब्रू दैनिक ‘कोल हाआम’ काही दिवस बंद ठेवण्याचा हुकूम काढला होता, जो सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. माझ्या मते हा निकाल आधी वाचावा आणि मगच अग्रलेखांकडे वळावे.