मे महिन्यात चित्र सगळ्यांनाच येतं

डिश फिटिंगच्या कामात नव्याने येताय, तर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि एलएनबी, म्हणजे डिशच्या छत्रीसमोर बसणारी सिग्नल पकडणारी डबी, काय करते, हे ठाऊक असणारच. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

पहिल्याच मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अकरा छत्र्या बसवल्या. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. माझी स्ट्रेंग्थ नव्वद, क्वालिटी जेमतेम पन्नास, पण चित्र आरशासारखं. काकांनी चहा पाजला, सही घेऊन निघालो. मिरग लागला आणि दोन दिवसांत सात फोन. "पाऊस आला की टीव्ही जाता रे बाबा!"

स्ट्रेंग्थ म्हणजे बॉक्सपर्यंत किती जोर पोचला, एवढंच. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही येतो. छत्री भलत्याच उपग्रहाकडे असली तरी ही पट्टी खुशाल भरते. आपला सिग्नल किती स्वच्छ वाचला जातोय, ते क्वालिटी सांगते. डिजिटलची खोड अशी, की पन्नासला आणि ऐंशीला चित्र एकसारखंच. जुन्या अँटेनावर मुंग्या यायच्या, त्यावरून कळायचं. इथे थेट चौकोन, मग काळोख. आपला सिग्नल ज्या केयू बँडवर येतो, त्याची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. जोरदार पाऊस ती शोषतो, विखुरतो. मे महिन्यात क्वालिटीची शिल्लक ठेवली नाही, तर जूनमध्ये आणणार कुठून?

म्हणून चित्र आलं की थांबू नका. छत्री आधी डावी-उजवी, मग वर-खाली केसभर हलवा. क्वालिटी उतरेपर्यंत पुढे जा आणि परत या. एलएनबीही क्लिपमध्ये जराशी फिरवून बघा. नट आळीपाळीने आवळा, नाहीतर मिळवलेलं तिथेच जातं. खांब ओळंब्यात हवा. मोबाइलच्या अ‍ॅपवर माझा काडीचा विश्वास नाही. लोखंडी खांबाजवळ त्यातलं होकायंत्र वेडं होतं.

माडांचंही बघा. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे गोव्यातून आग्नेयेला, साधारण ६१ अंश वर. आपल्या छत्रीची नजर तिच्या तोंडापेक्षा बरीच वर असते, त्यामुळे 'वरून गेलेली' चुडतंच नेमकी आड येतात.

हे सगळं माझ्या उस्तादाला माहीत होतं. पण त्याने सहा महिने मला शिडी धरायला लावली, मीटर एकदाही हातात दिला नाही. असा उस्ताद मिळाला तर सरळ सोडा.

सातही घरं चवथीच्या आत स्वतःच्या पेट्रोलवर पुन्हा केली. एका घरी क्वालिटी ४८ वरून ७४ वर गेली, तेव्हा बाहेर पाऊस चालूच होता. एवढं करूनही आषाढातल्या मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं चित्र जाईल. तेव्हा घाबरून छत्री हलवायला धावू नका. सही घेतानाच घरच्यांना तसं सांगून ठेवा.