मानसशास्त्राला प्रवेश घेताय? आधी हप्ता काढा

एम.ए.साठी दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला अडीच-अडीच लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी उचललं, तर हप्ता ५ लाखांवर बसत नाही. शिक्षणाची २ वर्षं आणि पुढचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं १ वर्ष धरून सरळव्याज साचतं, मुद्दल सव्वासहा लाख होतं. १० वर्षांच्या फेडीला महिना साधारण ८,२६० रुपये. व्याज तेव्हाचं तेव्हा भरलं तर ६,६१०. हा आकडा शाळेतल्या समुपदेशकाच्या हातात पडणाऱ्या पहिल्या पगाराशी ताडून पाहा. नामवंत थेरपिस्टच्या फीशी नव्हे.

खरी मेख पुढेच आहे. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही; भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तो खर्च आजच धरा. त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाआधी मान्यतेचं पत्र मागा, ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ऐकून पैसे भरू नका.