राखाडी एल्कहाउंडची पारख: डोळ्यांनी कमी, हातांनी जास्त

स्पिट्झ म्हटलं की आपल्याकडे गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणारा छोटा, पांढरा, झुपकेदार कुत्रा आठवतो. उत्तर युरोपातली शिकारी कुत्री त्याच घराण्यातली. उभे टोकदार कान, पाठीवर वळलेली शेपटी, दुहेरी केस, सगळं तेच. फरक कामाचा आहे, आणि कामामुळे शरीराचा. इथे नॉर्वेचा राष्ट्रीय कुत्रा मानला जाणारा राखाडी एल्कहाउंड घेतला आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या म्हणजे एफसीआयच्या यादीत त्याच्या मानकाचा, म्हणजे आदर्श बांध्याच्या लेखी वर्णनाचा, क्रमांक २४२, गट ५, म्हणजे स्पिट्झ आणि आदिम कुत्र्यांचा.

पारखायला बसण्याआधी त्याचं काम नीट समजून घ्या, नाहीतर मोजमापं नुसती पाठ होतात. एल्क म्हणजे अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात ते महाकाय हरीण. मोठा नर ४०० किलोच्या वर सहज जातो, आणि पुढच्या पायांनी लाथा झाडतो. त्याची शिकार दोन रीतींनी होते. पहिलीत कुत्र्याला छातीपट्टा घालून लांब दोरीवर घेतात. तो वास काढत पुढे, शिकारी मागे, आणि कुत्र्याने तोंडातून आवाजही काढायचा नाही. दुसरीत कुत्रा मोकळा सोडतात. तो एल्कला गाठतो, समोर नाचून भुंकून जागीच खिळवून ठेवतो आणि शिकारी पोचेपर्यंत सोडत नाही. पहिल्या कामाला दिवसभर ओढत चालण्याचा दम लागतो, दुसऱ्याला लाथ यायच्या आत मागे उडी घेण्याची चपळाई. शरीराचा प्रत्येक नियम या दोन गोष्टींतून आलेला आहे.

दख्खनचा कारवानी कुत्रा शेजारी उभा करून पाहिलात तर हे पटकन कळेल. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. नजरेत आलेला ससा वेगाने गाठायचा, हा त्याचा धर्म. एल्कहाउंड वेगाचा कुत्रा नाही. तो आखूड, रुंद आणि भरीव असतो.

तयारी आणि माप

सपाट, टणक जमीन हवी. गवत किंवा गादी नको. उंची मोजायची पट्टी, कापडी टेप, वजनकाटा आणि पाण्याची फवारणीची बाटली घ्या. कुत्रा चारही पायांवर सारखा भार देऊन उभा असावा, पुढचे पाय खांद्यांच्या बरोबर खाली. मालक मागचे पाय ओढून लांब ठेवत असेल तर एक चक्कर मारायला लावून पुन्हा आपसूक उभा राहू द्या. ताणून उभ्या केलेल्या कुत्र्याची लांबी आणि पाठीचा उतार दोन्ही खोटे दिसतात.

उंची दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधल्या उंचवट्यावर घ्या. नराची आदर्श उंची ५२ सेंमी, मादीची ४९. वजन साधारण २३ आणि २० किलो. आता छातीच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे कुल्ल्याच्या, मागच्या हाडापर्यंत लांबी घ्या. ती उंचीइतकीच यायला हवी, म्हणजे बाजूने कुत्रा चौकोनात बसायला हवा. इथे हमखास चूक होते ती केसांमुळे. छातीवरची आयाळ आणि मांड्यांमागचे लांब केस मिळून काही सेंटिमीटर फुकटचे देतात. टेप केसांवर टेकवू नका. बोटाने हाड शोधा, केस दाबा, मग माप घ्या. उंचीतही तेच. तिसरं माप छातीच्या तळापासून जमिनीपर्यंतचं. ते उंचीच्या निम्म्याहून कमी नको. कमी आलं तर कुत्रा बुटक्या पायांचा आहे आणि गुडघाभर बर्फात त्याचं पोट घासत जाईल. प्रदर्शनात असे जड, बुटके, केसाळ कुत्रे रुबाबदार दिसतात. जंगलात त्यांचा काही उपयोग नाही, आणि त्यांना बक्षिसं मिळणं या जातीच्या भल्याचं नाही.

धडावर हात

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. हिवाळी केसांत दुबळा कुत्राही भरलेला दिसतो. दोन्ही तळवे फासळ्यांवर सपाट ठेवा. बरगड्या पाठीपासून छान कमान घेऊन खाली आल्या पाहिजेत. तळवे एकमेकांना समांतर राहिले तर पिंजरा चपटा आहे आणि दमाला जागा कमी. पिंपासारखा गोल लागला तर तेही वाईट, कारण मग कोपरं बाहेर ढकलली जातात. आता बोटं मागे सरकवत शेवटची फासळी शोधा. तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतची जागा आखूड आणि रुंद हवी. धडाची लांबी मुख्यतः फासळ्यांच्या पिंजऱ्याने भरलेली असली पाहिजे, कमरेने नाही. लांब कमर म्हणजे मधोमध लवणारा पूल: मागच्या पायांचा जोर पुढे पोचायच्या आत वाटेतच जिरतो आणि उडी घेऊन वळताना अर्धा क्षण जातो. एल्कच्या लाथेला तेवढा पुरतो.

पाठ सरळ, पुठ्ठा रुंद आणि भरदार. पोटाची रेषा फार वर गेलेली नको.

चरबी तपासायची तीही इथेच. हलक्या दाबाने बरगड्या एकेक मोजता आल्या पाहिजेत. ही जात खादाड आहे आणि पटकन फुगते. बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागत असतील तर आधी आहार कमी करा, मग पारख करा. लठ्ठ कुत्र्याची चाल पाहून सांध्यांबद्दल काहीही म्हणता येत नाही.

खांदे, पाय, पंजे

फऱ्याच्या मधोमध एक उभा कणा असतो, तो बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपा. तो तिरका, मागे झुकलेला हवा. कोपर धडाला लागून, आत न दबलेलं आणि बाहेर न फिरलेलं. फरा सरळ उभा असेल तर पाऊल आखूड पडतं आणि प्रत्येक पावलाचा धक्का खांद्यात बसतो. छातीपट्ट्यावर तासन् तास ओढणारा असा कुत्रा दुपारनंतर ढिला पडतो. पुढचे पाय सरळ, मनगट भक्कम आणि किंचित पुढे कललेलं. अगदी उभं मनगट धक्का झेलत नाही, फार कललेलं थकतं.

मागे गुडघ्याला आणि घोट्याला माफक कोन असतो. जर्मन शेफर्डच्या प्रदर्शनांत दिसतात तसे खोल कोन इथे दोषच. मागून पाहिलं तर पाय सरळ, समांतर, मांड्या रुंद आणि मांसल. मागच्या पायांना जास्तीचा अंगठा नसावा. पुढे असला तर चालतो.

पंजाला वेळ द्या. तो उचलून तळहातावर घ्या. शरीराच्या मानाने लहान, किंचित लांबट आणि घट्ट मिटलेला असावा. बोटं पसरून बघा, हात काढताच ती पुन्हा एकत्र आली पाहिजेत. गाद्या जाड, आणि बोटांमध्ये केसांचं दाट संरक्षण. पसरट, ढिल्या पंजात ओला बर्फ अडकतो, चालता चालता त्याच्या गोळ्या होतात आणि कातडी सोलवटते. कुत्रा दर दहा पावलांना थांबून पंजा चावायला लागला की माग तिथेच संपतो.

केस आणि रंग

पाठीवर एका जागी दोन्ही अंगठ्यांनी केस विलगा. मुळाशी दाट, मऊ, फिकट चंदेरी लोकर दिसेल, इतकी दाट की कातडी सहज दिसू नये. तिच्यातून वर आलेले राठ, सरळ केस राखाडी आणि टोकाला काळे असतात. ही काळी टोकं जितकी लांब तितका कुत्रा गडद. आता बाटलीने दोन-तीन फवारे मारा. चांगल्या केसांवर थेंब मणी होऊन बसतात आणि कुत्र्याने अंग झाडलं की उडून जातात. पाणी झिरपून लोकर भिजली तर केस मऊ आहेत, मग ते कितीही दाट असोत. भिजलेला कुत्रा शून्याखालच्या थंडीत काम करू शकत नाही. मात्र ही तपासणी आंघोळ घालून, ड्रायरने फुलवून आणलेल्या कुत्र्यावर करू नका, आणि केस झडायच्या दिवसांतही नको. कात्रीने आकार दिलेला असेल तर तो कुत्रा तयार करणाऱ्याचा दोष समजा. या जातीचे केस कापत नाहीत.

केस डोक्यावर, कानांवर आणि पायांच्या पुढच्या बाजूला आखूड, मानेवर, मांड्यांमागे आणि शेपटीखाली सर्वांत लांब. रंग पाठीवर गडद, छाती-पोट-पायांकडे फिकट. खांद्यामागून कोपराकडे उतरणारा फिकट पट्टा दिसतो, जणू छातीपट्टा कायमचा उमटलाय. मुसकट, कान आणि शेपटीचं टोक काळं. पिवळट किंवा तपकिरी झाक, पायांवर काजळी, डोळ्यांभोवती फिकट कडी, हे दोष. गालांवर आणि मुसकटाच्या बाजूंना मलईसारखा फिकटपणा, शिवाय उंची ६० सेंमीच्या आसपास असेल, तर तुमच्यासमोर बहुधा स्वीडनचा यॅम्थुंड आहे. त्याला १९४६ मध्ये वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली.

डोकं आणि शेपटी

डोकं कानांमध्ये रुंद, पुढे पाचरीसारखं निमुळतं, पण टोकदार नाही. कातडी घट्ट, गळ्याखाली लोंबणारी झोळी नको. कपाळ आणि नाक यांमधली खाच स्पष्ट, पण खोल नाही. डोळे गडद तपकिरी, बाहेर न आलेले. ओठ उचलून दात बघा: वरचे पुढचे दात खालच्यांना पुढून चाटून बसले पाहिजेत. कान उभे, टोकदार आणि फिरते हवेत. मागे चुटकी वाजवा. एक कान तरी वळला पाहिजे. दोरीवरचा कुत्रा भुंकत नाही, त्यामुळे एल्क जवळ आहे हे शिकाऱ्याला बहुतेकदा त्याच्या कानांवरून आणि ताठ झालेल्या मानेवरूनच कळतं.

शेपटी उंच बसलेली, घट्ट वळलेली, पाठीच्या मधोमध. खाली बसलेली दिसली तर पुठ्ठा उतरता आहे का ते पुन्हा हाताने बघा.

चाल

दोरी सैल धरून मालकाला कुत्रा दुडक्या चालीने तुमच्यापासून दूर, मग तुमच्याकडे, मग आडवा न्यायला सांगा, प्रत्येकी निदान २०-२५ मीटर. हळू दुडकीत पाय समांतर पडतात. वेग वाढला की ते शरीराच्या मध्यरेषेकडे येतात आणि ठसे जवळजवळ एका ओळीत उमटतात. ओल्या वाळूवर किंवा ताज्या बर्फावर चालवलं तर हे जमिनीवरच वाचता येतं. बाजूने बघताना नजर पाठीवर ठेवा. ती वरखाली उसळत असेल तर फरा नाहीतर मागचा गुडघा सरळ आहे. डावीउजवीकडे डुलत असेल तर कमर लांब किंवा ढिली. चौखूर पळवून बघायची गरज नाही, त्यात बरेच दोष झाकले जातात.

पिल्लू निवडताना

पिल्लं जन्मतः जवळजवळ काळी असतात, राखाडी नंतर उतरते. त्यामुळे आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या रंगावरून निर्णय करू नका. चौकोनी बांधा, घट्ट पंजे, दातांची बैठक आणि नराचे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत का, एवढं बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईबापांचे कागद मागा. कमरेच्या सांध्यांच्या एक्सरेला ए ते ई अशी श्रेणी मिळते. ए आणि बी निर्दोष धरतात. डोळ्यांचीही तपासणी झालेली हवी, कारण दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक विकार या जातीत आढळतो.

भारतात पाळायचा विचार असेल तर हेच केस आठवा. नागपूरच्या मे महिन्यात, नव्हे पुण्याच्याही, ती लोकर अंगावर घेऊन जगणं म्हणजे त्या जनावराचे हाल आहेत. केस भादरून टाकणं हा उपाय नाही. उन्हापासून कातडीला तेच वाचवतात. ओस्लो-ट्रॉनहाइमकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांनी मात्र हा कुत्रा जरूर बघावा, रोज दोन तास चालायची तयारी असेल तर.

आणि बघायला जायचं तर शिकारीच्या हंगामात जा. तो सप्टेंबरच्या अखेरीस जोरात सुरू होतो. पूर्ण दिवस काम केलेल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाहा. पहिली चार पावलं ताठर पडतात का, गाद्यांना चिरा गेल्यात का, कोपरामागे छातीपट्ट्याने केस घासले आहेत का, हे सगळं हाताने तपासून मगच मालकाशी बोलायला बसा.