इसार कुठं म्हणायचं, कुठं नाही

पुतण्याचा मेसेज आला : "काका, सांगलीत खोली मिळाली. ३०,००० इशारा दिला."

मी लगेच फोन लावला. "खोली विकत घेतलीस का रं?"

"नाही ओ, भाड्यानं."

"मग डिपॉझिट म्हण, नाहीतर अनामत म्हण. खोली सोडताना परत मिळणार हाय ना? आणि इशारा डोळ्यानं करतात. पैशाचा तो इसार. समईतला स, शेंडीतला श नव्हे."

तासगावात दुय्यम निबंधक कचेरीबाहेर मी ३१ वर्षं दस्त लिहिले. आधी टाइपरायटरवर, मग त्याच टेबलावर कॉम्प्युटर आला. इसारपावत्या किती लिहिल्या त्याचा हिशेब नाही. त्यामुळं हा शब्द कुणी भलतीकडं लावला की मला राहवत नाही.

खूण एकच. सौदा पुरा ठरलेला पाहिजे. वस्तू कुठली, दर काय, बाकीचे पैसे कधी. एवढं ठरल्यावर शब्द पक्का करायला जी रक्कम हातावर ठेवतात, ती इसार. व्यवहार झाला तर ती किमतीत वळती होते, घेणारा मागं फिरला तर बुडते. पैसे देताना मनाशी विचारा, उद्या मीच नको म्हटलं तर यांचं काय? "गेले" असं उत्तर येत असेल तरच इसार म्हणा.

"म्हैस ९०,००० ला ठरली, ५,००० इसार दिला, बाकीचे रविवारी म्हैस सोडताना." हे वाक्य सोळा आणे बरोबर. "ऊसतोडीच्या मुकादमाला इसार दिला" हे चूक, ती उचल. ती टोळीच्या कामातून फिटायची असते (फिटली तर; ट्रॅक्टरवाल्यांना विचारा). सोनं बँकेत तारण ठेवतात, सावकाराकडं गहाण टाकतात, इसार कुठंच नाही. बँडवाल्याला, तमाशाला द्यायची ती सुपारी. पण हल्ली लोक तो शब्द उच्चारायला लाजतात, मुंबईकरांनी पार नासवून टाकला.

खरी गल्लत होते ती द्राक्षबागेत. आमच्याकडं दर चार किलोला बोलतात. व्यापारी बाग हिंडतो, दोन मणी तोंडात टाकतो, घासाघीस होते. "चार किलोला २८० ठरले, ५०,००० इसार देऊन गेला, माल आठ दिवसांत उतरायचा." इथं इसार चपखल बसतो. पण तोच व्यापारी म्हणाला, "हे ५०,००० ठेवा, दर माल उतरताना बघू," तर तो इसार नव्हे. दरच ठरला नाही तर पक्कं काय केलं? ते आगाऊ पैसे. दोन्हीत फरक काय, ते पाऊस पडून मणी तडकल्यावर कळतं. इसार असेल तर बागायतदाराला ठणकावून सांगता येतं, "इसार दिलाय, आता दर पाडायचा नाही." आगाऊ असेल तर व्यापारीच उलटा म्हणतो, "माझे पैसे द्या."

हा फरक मी एकदा माझ्याच हातानं घालवला. एका प्लॉटच्या पावतीत घाईघाईत 'ॲडव्हान्स' लिहून मोकळा झालो, मागं फिरल्यास काय होईल हे वाक्य घातलंच नाही. घेणारा दोन महिन्यांनी फिरला आणि पावती नाचवत म्हणाला, "ॲडव्हान्स आहे, परत करा." करावा लागला. विकणारे गृहस्थ त्यानंतर माझ्या टेबलाला कधी आले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

सुप्रीम कोर्टानं १९६९ साली श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या निकालात इसाराची लक्षणं सांगितली, तीही हीच. विमानांच्या भंगाराचा १० लाखांचा सौदा, त्यात २.५ लाख इसार. घेणारा बाकीचे द्यायला चुकला आणि अडीच लाख गेले. कराराच्या अटींत तसं लिहिलेलं होतं, हे महत्त्वाचं. नुसतं 'इसार' म्हणून भागत नाही.

आता लिहिताना. शब्द पुल्लिंगी, म्हणून 'इसाराची रक्कम', 'इसारची' नव्हे. पावतीत असं लिहा : "ठरलेल्या किमतीपैकी इसारादाखल रु. २१,००० (अक्षरी एकवीस हजार) रोख पावले." पावले एवढंच. हात सवयीनं 'भरून पावलो' लिहायला जातो, तो आवरा. भरून पावलो म्हणजे पैसा न पैसा मिळाला. इसारपावतीत ते लिहिलं की बाकीची रक्कम मागायला तोंड राहत नाही. विकणारा फिरला तर दुप्पट परत, असं बोलतात पुष्कळ. तेही कागदावर असेल तरच बोला.

आणि "इसार दिला, रान माझं झालं" असं पारावर सांगू नका. जमीनजुमल्यात नुसत्या करारानं मालकी येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५४ ला स्पष्ट आहे. "रानाचा इसार झालाय, खरेदी व्हायचीय," असं म्हणायचं. फ्लॅट घेत असाल तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, मग तो त्याला इसार म्हणो की बुकिंग.

परवा वळीव झाला. शेजारचे आबा खुशीत म्हणाले, "पावसानं इसार दिला म्हणायचा." ऐकायला गोड वाटलं. पण मी म्हटलं, "आबा, जूनमध्ये फिरला तर त्याचं काय बुडतंय? ही तर उचलसुद्धा नव्हे."

आबा म्हणाले, "तू चहा घे गप."