पोटाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: नव्या टेस्टा, जुनी पॅन-डी आणि अण्णांची एकादशी

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गेल्या दीड वर्षात अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या पोटापायी आमच्या नाशकात इंदिरानगर ते कॉलेज रोड, तिथून मुंबई नाका, मग परत कॉलेज रोड अशा इतक्या चकरा झाल्या की रिक्षावाले ओळखायला लागले, आणि आता दर आठवड्याला कुणीतरी फोन करून विचारतंच की तुम्ही ती फुंकायची टेस्ट केली होती ना ती काय असते. म्हणून एकदाच बसून सगळं लिहितेय.

सुरुवात कुठल्याही घरात होते तशीच. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी पॅन-डी ही ॲसिडिटीची गोळी, रविवारी मिसळ, मिसळीचा तर्री पोटात गेला की संध्याकाळी अजून एक. अशी सहा वर्षं. मूळ कुणी लिहून दिली होती तेही कुणाला आठवत नाही, पट्टी संपली की मेडिकलवाला चेहरा बघूनच दुसरी काढून ठेवतो. वर गुडघ्यासाठी पेनकिलर, तीही स्वतःच्याच मर्जीने. मग एकदा रुटीन तपासणीत हिमोग्लोबिन आलं ८.९. लोहाच्या गोळ्या सुरू, तीन महिन्यांनी ९.२. तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी विचारलं की अहो, भरताय ते ठीक, पण गळतंय कुठून ते बघितलं का?

तर पहिली गोष्ट ही की काही लक्षणं अशी आहेत ज्यात घरचे उपाय, ओवा-हिंग, गोळ्या बदलून बघणं सगळं बंद करायचं आणि सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जायचं. काही न करता वजन कमी होतंय, घास अडकतोय, शी डांबरासारखी काळी चिकट होतेय किंवा रक्त पडतंय, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन कमी, घरात कुणाला आतड्याचा किंवा जठराचा कॅन्सर झालेला, किंवा पन्नाशीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू झालीय. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण डांबरासारखी चिकट नसते, हे आम्हाला नंतर कळलं. आणि छातीत जळजळ, सोबत घाम, दम लागतोय, डावा हात किंवा जबडा दुखतोय असं असेल तर ॲसिडिटी म्हणून जेल पीत बसू नका, आधी ईसीजी.

जायच्या आधी दोन आठवडे एका वहीत लिहा. काय खाल्लं, कधी दुखलं, कुठे दुखलं, रात्री झोपेतून उठवलं का, शी कशी. आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत टाकून घेऊन जा, आयुर्वेदिक चूर्ण आणि काढे पण. अण्णांनी पेनकिलरचं सांगितलंच नव्हतं कारण ती "गुडघ्याची आहे, पोटाची कुठे". आता हसू येतं, पण डॉक्टरांच्या मते हिमोग्लोबिन खाली जायला तीही कारणीभूत होती.

आता एंडोस्कोपी. तोंडातून दुर्बीण, घशात स्प्रे मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांचं काम. अण्णांच्या जठराला छोट्या छोट्या जखमा निघाल्या आणि एच पायलोरी नावाच्या जंतूची टेस्ट तिथल्या तिथे केली, छोटा तुकडा काढून एका किटमध्ये टाकतात आणि रंग बदलला की पॉझिटिव्ह. रंग बदलला नाही. आम्ही खूश. मग डॉक्टरांनी विचारलं, आज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतली होती का? घेतली होती. अहो सहा वर्षं घेतायत, त्या दिवशी कशाला चुकवतील! अपॉइंटमेंट देताना "उपाशीपोटी या" एवढंच सांगितलं होतं, गोळीचं कुणी बोललं नाही, आणि अण्णा प्रामाणिकपणे उपाशीपोटी गोळी खाऊन गेले.

हे नीट वाचा कारण यातच सगळ्यांचे पैसे वाया जातात. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, ओमेप्राझोल, नावाच्या शेवटी प्राझोल असलेली कुठलीही गोळी, आणि आता नवीन आलेली व्होनोप्राझान सुद्धा, जंतूला दबवून ठेवते, मारत नाही, त्यामुळे टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गोळी २ आठवडे आधी बंद आणि कुठलीही अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद पाहिजे. पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालाय किंवा जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात त्यांच्यासाठी ती गोळी संरक्षण असते, डॉक्टरला विचारूनच. आणि एवढी वर्षं घेतलेली गोळी थांबवली की पहिले काही दिवस जळजळ उसळून येते, ती अपेक्षित आहे. अण्णांना त्या दोन आठवड्यात साधं जेल चालेल म्हणाले, पेनकिलर अर्थात बंदच.

मग ती फुंकायची टेस्ट. युरिया ब्रेथ टेस्ट. उपाशीपोटी जायचं, एक कॅप्सूल किंवा पाण्यातलं औषध देतात, थोडा वेळ बसायचं आणि मग पिशवीत किंवा कार्डात फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड श्वासात सापडतो. ना सुई ना नळी. शी तपासूनही कळतं, स्टूल अँटिजेन म्हणतात, तोही चांगला पर्याय. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट मात्र टाळा, जंतू जाऊन वर्षं झाली तरी ती पॉझिटिव्ह राहू शकते. अण्णांची फुंकर पॉझिटिव्ह आली.

या जंतूची गोष्ट भारी आहे. अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो असंच सगळे धरून चालायचे, ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांचं कुणी ऐकेना, मग १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतूच पिऊन स्वतःचं जठर बिघडवून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल. म्हणजे मिसळ निर्दोष आहे असं नाही, जखमेवर मीठ चोळायचं काम ती करते, पण जखमेचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे असतं.

उपचार १४ दिवसांचा, एकावेळी तीन-चार औषधं, गोळ्यांचा डबा बघून अण्णांनी हातच जोडले. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला जंतू दाद देईनासा झालाय म्हणून आता बऱ्याचदा बिस्मथ असलेला चार औषधांचा कोर्स देतात. बिस्मथने जीभ आणि शी काळी पडते, घाबरू नका. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू अजिबात नाही. आणि मधेच बरं वाटलं म्हणून दहाव्या दिवशी सोडलं तर उरलेला जंतू अजून निबर होतो. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, परत ॲसिडिटीची गोळी २ आठवडे बंद ठेवून, ब्रेथ टेस्ट पुन्हा करायचीच. ही दुसरी टेस्ट बहुतेक लोक करतच नाहीत. व्होनोप्राझान जपानमध्ये २०१५ पासून आहे, आपल्याकडे आता मिळते, ती ॲसिड लवकर आणि जास्त दाबते आणि जेवणाआधी अर्धा तास वगैरे भानगड नाही, पण नवीन आलीय म्हणून साध्या ॲसिडिटीला मागून घ्यायची गोष्ट नाही ती.

हिमोग्लोबिन कमी आणि वय ६४, म्हणून खालून पण बघायचं ठरलं. कोलोनोस्कोपी, म्हणजे शीच्या वाटेने दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं. इथे आमची फजिती झाली ती सविस्तर सांगते.

हॉस्पिटलने इंग्रजीत एक कागद दिला, त्यात आदल्या दिवशी लो रेसिड्यू डाएट, म्हणजे आतड्यात चोथा उरणार नाही असं खाणं. तारीख नेमकी द्वादशीची. म्हणजे आदल्या दिवशी एकादशी, आणि अण्णांचं म्हणणं उपास म्हणजे हलकंच की, त्याच्यापेक्षा हलकं काय असतं. सकाळी साबुदाण्याची खिचडी भरपूर दाण्याचा कूट घालून, दुपारी रताळं, चारला भगर आणि दाण्याची आमटी. रात्री पोट साफ करायच्या पावडरचं पाणी प्यायले, अर्धंच, कारण "पोट तर कधीच साफ झालं". सकाळी डॉक्टरांनी स्क्रीन फिरवून दाखवली, आतड्याच्या भिंतीवर सगळीकडे दाण्याचा कूट. रिपोर्टवर प्रेप पुअर म्हणजे आतडं नीट साफ नाही, तपासणी अर्धवट, पुन्हा या, पुन्हा पैसे.

म्हणून सांगते, आदले दोन-तीन दिवस शेंगदाणे, तीळ, बिया, पालेभाजी, काकडी, टोमॅटो, पेरू, डाळिंब, द्राक्षं, भाकरी, सगळं बंद. मऊ भात, गाळलेलं वरण, दहीभात, सोललेला उकडलेला बटाटा, पांढरा ब्रेड चालतो. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, नाहीतर आतडं काळंकुट्ट दिसतं. आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त पातळ आणि आरपार दिसणारं, शहाळ्याचं पाणी, लिंबूपाणी, दुधाशिवाय चहा. बीट, लाल सरबत नाही, ते रक्तासारखं दिसतं. पावडरचं पाणी दोन हप्त्यांत, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्याच दिवशी पहाटे, वेळेच्या पाच-सहा तास आधी. झोपमोड होते पण दोन हप्त्यांनी आतडं जास्त स्वच्छ होतं. गार करून प्या, लिंबू पिळा, दोन घोट झाले की लिंबाची फोड चोखा. दुसऱ्या खेपेला मी स्वतः तांब्या घेऊन समोर बसले. झालं की नाही ते ओळखायची खूण एकच, बाहेर पडणारं पाणी फिकं पिवळं आणि भांड्याचा तळ दिसेल इतकं नितळ हवं. डायबेटिसच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि वजन कमी करायची ती आठवड्याची इंजेक्शनं, यातलं काहीही चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा. गुंगी देतात म्हणून सोबत माणूस पाहिजे आणि त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही.

दुसऱ्या खेपेची तारीख घेताना अण्णांनी आधी कालनिर्णय उघडलं. त्या वेळी ८ मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा कोंब, सापडला आणि तिथेच बारीक तारेच्या फासाने काढून टाकला, त्यांना कळलंही नाही. बायोप्सीत म्हणजे तुकड्याच्या तपासणीत साधा ॲडिनोमा नावाची गाठ, कॅन्सर नाही, पण असेच काही पॉलिप वर्षानुवर्षं राहून कॅन्सर होतात. आता दुर्बिणीला एआय जोडलेलं असतं, पॉलिपसारखं दिसलं की स्क्रीनवर चौकोन येतो, अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. चांगलंच आहे, पण आतड्यात दाण्याचा कूट असेल तर एआय काय कपाळ दाखवणार. बायोप्सीचा रिपोर्ट आठवणीने आणा, पुढची कोलोनोस्कोपी किती वर्षांनी ते त्यावर ठरतं.

कॅमेऱ्याची गोळी गिळायची टेस्ट पण लोक मागतात, नळी नको म्हणून. कॅप्सूल एंडोस्कोपी. ती मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे, जिथे वरची आणि खालची दुर्बीण पोचत नाही. कमरेला रेकॉर्डर बांधतात, आठ-बारा तासांत ५० हजारांच्या वर फोटो. पण ती तुकडा काढू शकत नाही, पॉलिप कापू शकत नाही, आणि आतडं कुठे अरुंद झालं असेल तर अडकते. ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही.

तरुण मुलांना महिनोन् महिने जुलाब असतील तर शीमधली कॅलप्रोटेक्टिन टेस्ट विचारा. आतड्याला सूज आहे का नुसतं आयबीएस म्हणजे सूज नसलेलं चिडकं आतडं आहे ते वेगळं करायला खूप उपयोगी, कमी आली तर बऱ्याचदा कोलोनोस्कोपी टळते. सूज निघाली तर आपल्याकडे अजून एक पेच असतो, क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार आणि आतड्याचा टीबी दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून तुकडा काढून टीबीची जीनएक्स्पर्ट टेस्ट करतात, आणि क्रोन्सची बायोलॉजिक म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं देण्याआधी टीबी नाही याची खात्री करतात. ही तपासणी कंटाळून टाळू नका, त्या औषधांनी झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. गव्हातल्या ग्लुटेनची शंका असेल तर टीटीजी ही रक्ताची टेस्ट होईपर्यंत पोळी सोडू नका, सोडली की टेस्ट फसते.

फॅटी लिव्हर. सोनोग्राफीत ग्रेड वन लिहून आलेले आमच्या एकट्या सोसायटीतच डझनभर निघतील. ग्रेडने घाबरण्यापेक्षा घरीच एक हिशोब करा, फिब-फोर म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. माझे मामा ५२ वर्षांचे, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख म्हणजे २०० धरायचे. ५२ गुणिले ४० म्हणजे २०८०, खाली २०० गुणिले ७ (४९ चं वर्गमूळ) म्हणजे १४००, उत्तर साधारण १.४९. १.३ च्या खाली असतं तर निर्धास्त, पासष्टीच्या वर ही रेघ २ ची. मामांचा आकडा रेघेच्या वर गेला म्हणून फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची टेस्ट केली, बरगडीवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं, ३ तास आधीपासून काही खायचं नाही. रिपोर्टवर दोन आकडे येतात, कॅप म्हणजे चरबी आणि किलोपास्कल म्हणजे कडकपणा. काळजी कडकपणाची करायची, ८ च्या खाली असेल तर सहसा ठीक. मामांचे ६.१. औषधंही आलीत, भारतात सारोग्लिटाझारला २०२० मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत रेसमेटिरोमला २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला २०२५ मध्ये, पण शेवटची दोन सूज आणि व्रण पडलेल्या लिव्हरसाठी आहेत. मामांना डॉक्टरांनी वजनाच्या ७ ते १० टक्के कमी करायला सांगितलं, म्हणजे त्यांच्या ८४ किलोतले सहा ते आठ. मामा म्हणाले गोळी दिली असती तर बरं झालं असतं.

हिपॅटायटिस सी निघाला तर खचू नका, १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांच्या वर लोक पूर्ण बरे होतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट आहेत, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. पित्ताचा खडा नळीत गेला असेल किंवा ऑपरेशनच निघालं तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ठराविक उपचार आणि ठराविक हॉस्पिटलं, नुसत्या ओपीडीतल्या टेस्टा धरून चालू नका.

आणि सेकंड ओपिनियनला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर फाइलमध्ये नुसते रिपोर्ट नेऊ नका. स्कॅनची सीडी घ्या, एंडोस्कोपीचे रंगीत फोटो घ्या, आणि बायोप्सी झाली असेल तर लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड म्हणजे जपून ठेवलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या मागून घ्या, अर्ज लिहून दिला की देतात, मात्र त्याला दोन-चार दिवस लागू शकतात म्हणून तिकीट काढायच्या आधीच सांगून ठेवा.