लंडन सिस्टिम: पाठांतर कमी, पण क्रम पक्का हवा

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्यनगरात राहून, आठवडाभर नोकरी सांभाळून रविवारी बुद्धिबळाचे रॅपिड (कमी वेळेचे) डाव खेळायला बसणाऱ्याने सिसिलियनसारख्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातीच्या, वीस-वीस चाली पाठ करत बसू नये. समोर बहुतेक वेळा क्लासला जाणारं पोरगं असतं. पाठांतरात त्याच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. पांढरे मोहरे असतील तर सरळ लंडन सिस्टिम ही ओपनिंग खेळावी. १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून हे नाव पडलं. ही नवशिक्यांची ओपनिंग आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका: २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहावा डाव चीनच्या डिंग लिरेनने याच मांडणीने जिंकला.

मांडणी सोपी आहे. (डी४ म्हणजे डी या उभ्या रांगेतलं चौथं घर; नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. प्रत्येक आकड्यानंतर आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल.) प्यादी डी४, ई३, सी३ वर. घोडे डी२ आणि एफ३ वर, एक उंट एफ४ वर, दुसरा डी३ वर. एफ४ चा उंट ई३ च्या आधी बाहेर काढायचा, नाहीतर तो आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो.

नेहमीचा क्रम असा: १. डी४ डी५ २. उंट एफ४ घोडा एफ६ ३. ई३ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा डी२.

ही पाचवी चाल नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा हात आधी एफ३ च्या घोड्याकडे जातो. तसं केलं तर काळ्याचा वजीर बी६ वर येतो. तुम्ही वजीर बी३, तो सी४, तुम्ही वजीर सी२, आणि मग काळा आपला उंट एफ५ वर फुकट ठेवल्यासारखा ठेवतो. खाल्लात तर त्याचा वजीर बी२ चं प्यादं मारून हत्तीवर येतो. तुमचा घोडा अजून बी१ वर असल्याने हत्तीला हलायला जागाच नसते. म्हणून वजीर निमूट सी१ वर न्यावा लागतो. घोडा आधीच डी२ वर आला असेल तर तोच उंट बिनधास्त खा: बी२ गेलं तरी हत्ती डी१ वर सुटतो आणि तुम्ही एका मोहऱ्याने पुढे.

काळा पाचव्या चालीला ई६ खेळला तर ६. जी१ चा घोडा एफ३ उंट डी६ ७. उंट जी३. उंट स्वतःहून मारायची घाई नको. त्याने जी३ वर मारला तर एच प्याद्याने परत घ्या, एच१ च्या हत्तीला फाईल (उभी रांग) आयती मोकळी मिळते. त्यामुळे कॅसलिंगही (राजाचा किल्लेकोट) लगेच उरकू नका. मग उंट डी३, आणि संधी मिळताच घोडा ई५. काळ्याने तो सी६ च्या घोड्याने मारला तर डी प्याद्याने घ्या: डी६ चा उंट आणि एफ६ चा घोडा दोन्ही एकदम फोर्कमध्ये, म्हणजे एकाच प्याद्याच्या माऱ्यात. ई५ वर घोडा टिकला की एफ४, वजीर एफ३, आणि निशाणा एच७. या मांडणीतला खरा आनंद इथेच आहे.

काळ्याने जी६, उंट जी७, डी६ असा किंग्ज इंडियन रचला तर हेच यंत्रासारखं खेळू नका. उंट डी३ ऐवजी ई२ वर ठेवा, नाहीतर ई५ आणि पाठोपाठ ई४ ढकलून घोडा-उंट दोन्ही धरण्याची धमकी डोक्यावर राहते. एच३ वेळेवर करा, म्हणजे घोडा एच५ वर आला तर उंटाला एच२ चं घर असतं. काळ्याने ई६ खेळून डी६ वर उंट आणला असेल तर एच३ मध्ये चाल घालवू नये.

आणि दुसऱ्याच चालीला काळ्याने आपलाही उंट एफ५ वर काढला, तर सी३ विसरा. ३. ई३ ई६ नंतर ४. सी४ खेळा आणि वजीर बी३ वर आणा. उंट घरातून निघाल्यामुळे बी७ चं प्यादं उघडं पडलेलं असतं.