इनहेलरच्या यंत्राचं पेटंट: क्लेम कसा बांधायचा, अर्ज कसा भरायचा

दम्याचा पंप हातात एकच वस्तू दिसतो, पण पेटंटच्या नजरेनं त्यात निदान पाच वस्तू असतात. औषधाचा रेणू ही एक. त्याचं मिश्रण, म्हणजे पावडरीत लॅक्टोज कोणत्या कणांचं आणि किती, किंवा डबीत प्रणोदक (औषध बाहेर ढकलणारा) वायू कोणता, ही दुसरी. झडप, तोंडात धरायची नळी, कॅप्सूल भोसकणाऱ्या सुया, डोस मोजणारा काउंटर हे यंत्र तिसरं. बाहेरचा आकार चौथा. तो पेटंटमध्ये येत नाही, २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवायचा (१० वर्षं, वर ५ वर्षांची वाढ). पाचवी, मोबाइलशी बोलणारी चिप आणि तिचं सॉफ्टवेअर. आपला शोध यांतल्या कोणत्या खणात बसतो हे ठरल्याशिवाय लिहायला बसू नये. पाचही एकाच अर्जात कोंबले तर परीक्षक ‘एकाच शोधाची एकता नाही’ असा आक्षेप घेतो आणि विभाजित अर्ज करावे लागतात. प्रत्येकाची फी वेगळी.

इथे तिसऱ्या खणातलं एक उदाहरण घेऊ: प्रणोदकावर चालणाऱ्या पंपावरचा डोस काउंटर. या पंपाची डबी अपारदर्शक असते. लेबलवरचे डोस संपल्यावरही दाबलं की फवारा येतो, पण त्यात औषध किती याचा भरवसा नसतो. रुग्णाला वाटतं, पंप चालू आहे. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ च्या मार्गदर्शनात नव्या पंपांना काउंटर असावा अशी शिफारस केली. काउंटरची चूक दोन तऱ्हांची. आकडा सरकला पण फवारा उडाला नाही, तर थोडं औषध वाया जातं. फवारा उडाला पण आकडा सरकला नाही, तर रिकामा पंप भरलेला दिसतो, आणि ही चूक जिवावरची. म्हणून काउंटरचा खटका त्याच्या दातेरी चाकाचा एक दात झडप उघडण्याच्या आधी ओलांडेल अशी रचना करतात. सगळा खेळ काही मिलिमीटरच्या प्रवासातला. प्लास्टिकच्या साच्यातली तफावत, डबीच्या लांबीतला फरक आणि दाबताना डबीचं तिरकं होणं हे सगळं त्यातच सामावून घ्यायचं असतं. शोध असतो तो इथे. ‘काउंटर असलेला इनहेलर’ यात शोध काही उरलेला नाही.

आधी तोंड बंद, मग शोधाशोध

अर्ज दाखल होण्याआधी नमुना प्रदर्शनात मांडला, परिषदेत पोस्टर लावलं किंवा गुप्ततेचा करार न करता साचा बनवणाऱ्याला रेखाचित्रं दिली, तर नवेपणा धोक्यात येतो. शासनानं अधिसूचित केलेलं प्रदर्शन आणि विद्वत्सभेत वाचलेला निबंध यांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण तो दरवाजा अरुंद आहे. त्याच्या भरवशावर राहू नये, कारण युरोपात ती सवलत जवळजवळ मिळतच नाही.

जुन्या पेटंटांची शोधाशोध युरोपीय कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास या तिन्ही संकेतस्थळांवर करावी. तिन्हींना पैसे लागत नाहीत. नुसते शब्द टाकून भागत नाही, कारण एक जण ‘डोस काउंटर’ लिहितो तर दुसरा ‘अ‍ॅक्च्युएशन इंडिकेटर’. वर्गीकरणाच्या क्रमांकानं शोधावं: इनहेलरसाठी ए६१एम १५/००, फवारणीच्या उपकरणांसाठी ए६१एम ११/००, दाबाखालच्या डब्या आणि मापी झडपांसाठी बी६५डी ८३. मिश्रणाशी संबंध असेल तर ए६१के ९/०० सुद्धा. सापडलेल्या सर्वांत जवळच्या चार-पाच कागदपत्रांचा तक्ता करावा: डावीकडे आपल्या यंत्राचे भाग, वर ती पेटंटं, आणि प्रत्येक चौकटीत ‘आहे’ किंवा ‘नाही’. सगळ्या रकान्यांत ‘नाही’ असलेली ओळ मिळाली तर क्लेमचा, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या वाक्याचा, गाभा तीच. मिळाली नाही तर कोणत्या दोन भागांच्या जोडीनं अनपेक्षित फायदा होतो ते शोधायचं. नुसतं ‘हाही भाग आहे आणि तोही आहे’ म्हटलं तर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येतं: माहीत असलेली उपकरणं शेजारी-शेजारी मांडून प्रत्येक आपापलं काम करत असेल तर तो शोध नव्हे.

क्लेममध्ये कोणते भाग घालायचे

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. मराठीत खालचं वाक्य फक्त बांधणी दिसावी म्हणून. यातले भाग स्वतंत्रपणे जुनेच आहेत. कॅनिस्टर म्हणजे औषधाची डबी.

‘कॅनिस्टर वर-खाली सरकेल असा बाह्यभाग, दातेरी चाक आणि ते ढकलणारा लवचीक खटका असलेला इनहेलर; वैशिष्ट्य असे की, कॅनिस्टर खाली जाताना झडप उघडण्याआधी खटका चाकाचा एक दात पूर्ण ओलांडतो, आणि बाह्यभागाच्या आतील भिंतीवरची उभी कड कॅनिस्टरला खटक्याच्या बाजूला कलू देत नाही.’

यात ‘अचूक मोजणारा’ हा शब्द नाही हे पाहा. अचूकता हा परिणाम. क्लेम परिणामाचा नाही, तो घडवणाऱ्या रचनेचा असतो. झडप किती मिलिमीटरवर उघडते हा आकडाही मुख्य क्लेममध्ये नाही. तो खालच्या, अवलंबून असलेल्या क्लेममध्ये टाकायचा. वर टाकला तर प्रतिस्पर्धी तो आकडा किंचित बदलून सुटतो. कुठेच टाकला नाही तर जुनं पेटंट पुढे आल्यावर मागे सरकायला जागा राहत नाही. इंग्रजीत ‘कम्प्रायझिंग’ लिहावं, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ कधीच नाही. पहिल्याचा अर्थ ‘हे भाग तर आहेतच’, दुसऱ्याचा ‘एवढेच भाग, बाकी काही नाही’. दुसरा लिहिला की एक जादा स्प्रिंग लावणारा मोकळा.

आता खरा प्रश्न. वरच्या क्लेममध्ये कॅनिस्टर आहे. समजा, कोणी नुसते प्लास्टिकचे बाह्यभाग काउंटरसकट ओतून विकतो आणि कॅनिस्टर दुसराच कारखाना भरतो. पहिल्यानं सगळे भाग बनवलेलेच नाहीत. दुसऱ्याच्या उल्लंघनाला हातभार लावणाऱ्याला पकडणारं स्पष्ट कलम भारताच्या पेटंट कायद्यात नाही. म्हणून क्लेमच्या तीन पायऱ्या ठेवाव्यात: नुसता काउंटर, काउंटरसकट बाह्यभाग, आणि औषधानं भरलेल्या कॅनिस्टरसकट पूर्ण इनहेलर. एक पायरी सुट्या भागाच्या विक्रेत्यासाठी, एक पंप विकणाऱ्यासाठी.

तिसरी पायरी, म्हणजे औषध, अमेरिकेसाठी विशेष लागते. तिथं औषध प्रशासनाच्या ऑरेंज बुकमध्ये, म्हणजे मंजूर औषधं आणि त्यांची पेटंटं यांच्या यादीत, पेटंट नोंदलेलं असलं आणि त्यावरून मुदतीत दावा लावला, की जेनेरिक पंपाची मंजुरी ३० महिने अडकू शकते. टेव्हा या औषध कंपनीनं प्रोएअर एचएफए या सालब्युटामोलच्या पंपावरची पाच उपकरण-पेटंटं, त्यांत काउंटरचीही, तिथं नोंदवली होती. अमनील या दुसऱ्या कंपनीशी झालेल्या वादात न्यू जर्सीच्या न्यायालयानं जून २०२४ मध्ये ती काढायला सांगितली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी फेडरल सर्किट या अपील न्यायालयानं तो आदेश कायम केला: ज्या क्लेममध्ये औषधाचा सक्रिय घटकच मागितलेला नाही, तो त्या यादीत बसत नाही. पेटंटं त्यामुळे रद्द झाली नाहीत, फक्त यादीतली जागा गेली. तरीही अर्ज लिहितानाच वर्णनात औषधांची नावं, मिश्रण आणि निदान एक औषधासकट क्लेम घालून ठेवावा. नंतर घालायचं म्हटलं तर नवा मजकूर चालत नाही.

वापराच्या पद्धतीवरचा क्लेम भारतात टिकत नाही. ‘रुग्णाला अमुक वेगानं श्वास ओढायला लावून औषध देण्याची पद्धत’ हे कलम ३(आय)मध्ये अडकतं, कारण ते उपचाराच्या पद्धतीला शोध मानत नाही. तेच यंत्राच्या भाषेत लिहावं: श्वासाचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच उघडणारी पडदी असलेलं तोंड. चिप आणि ॲप असेल तर नुसत्या सॉफ्टवेअरला शोध न मानणारं कलम ३(के) आहे; सॉफ्टवेअर स्वतः नव्हे, तर सेन्सर कुठे बसवला आणि त्यानं यंत्राचं वागणं काय बदललं ते मागावं.

कागद, तारखा, पैसे

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जानं तारीख मिळते आणि पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे क्लेमसकट शोधाच्या सविस्तर वर्णनाला, १२ महिने मिळतात. लोक इथेच फसतात: दोन पानांचा त्रोटक प्रोव्हिजनल टाकतात आणि वर्षभरानं खटक्याचा तपशील घालतात. त्या तपशिलाला आधीची तारीख लागत नाही. काउंटरचा अर्ज असेल तर प्रोव्हिजनलमध्येच तीन स्थितींचे छेद द्यावेत: विसावलेला, दात ओलांडताना, झडप उघडताना. भागांना आकड्यांचे क्रमांक द्यावेत, मजकुरात तेच वापरावेत. चित्राच्या पानावर वर आणि डावीकडे ४ सेंमी, खाली आणि उजवीकडे ३ सेंमी समास. सारांश १५० शब्दांच्या आत.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं कार्यालय मुंबईचं. दाखल ऑनलाइन करावं. फॉर्म १ अर्ज, फॉर्म २ स्पेसिफिकेशन, फॉर्म ३ परदेशी अर्जांची माहिती, फॉर्म ५ शोधकाची घोषणा. एजंट असेल तर फॉर्म २६, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर फॉर्म २८. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग यांना दाखल करण्याची फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. त्यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि क्लेमला ३२० (कंपनीला पाचपट). समजा, वैयक्तिक अर्ज ३८ पानांचा, १४ क्लेमचा: १,६०० अधिक १,२८० अधिक १,२८०, आणि परीक्षणाच्या फॉर्म १८ चे ४,०००. एकूण ८,१६०. एजंटाची फी याहून कितीतरी जास्त असते, पण क्लेम स्वतः लिहून तिथं वाचवणं ही खोटी काटकसर.

परीक्षणाची मागणी आपोआप होत नाही. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी तिची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे; ती चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा महिला अर्जदार असेल तर फॉर्म १८ए नं परीक्षण लवकर होतं. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने. त्याच मुदतीत मागितली तर आणखी तीन मिळतात.

परदेशात जायचं असेल तर आधी भारतात दाखल करून सहा आठवडे थांबावं, नाहीतर फॉर्म २५ नं परवानगी घ्यावी. भारतात राहणाऱ्यानं हे न करता थेट अमेरिकेत अर्ज टाकला तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, आणि शिक्षेचंही कलम आहे. पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज, पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत करावा.

पेटंट मिळालं म्हणजे पंप विकायची परवानगी मिळाली, असं नाही. खटका आपला, पण झडप दुसऱ्याच्या चालू पेटंटमधली असू शकते. विक्रीआधी इनपासवर त्या पेटंटची नूतनीकरण फी भरलेली आहे का ते पाहावं. २० वर्षं उलटलेली किंवा फी थकून बंद पडलेली यंत्रं वापरायला मोकळी असतात. औषध प्रशासनाला माहिती देण्यासाठी चाचण्या करायला कलम १०७ए मुभा देतं, दुकानात मांडायला नाही.

मंजुरीनंतर नूतनीकरणाची फी भरायची; ती अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनची असते. व्यक्तीला ३ ते ६ वर्षांसाठी दरसाल ८००, ७ ते १० साठी २,४००, ११ ते १५ साठी ४,८००, १६ ते २० साठी ८,०००. वीस वर्षं टिकवायला ७६,८००. मंजुरी उशिरा आली तर मागची थकबाकी नोंदीपासून तीन महिन्यांत भरावी लागते. फॉर्म २७ मध्ये शोध वापरात आहे की नाही ते आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा कळवायचं. फी चुकलीच तर सहा महिने दंडासह मिळतात. त्यानंतर बंद पडलेलं पेटंट जिवंत करण्याचा अर्ज बंद पडल्यापासून १८ महिन्यांच्या आत करावा लागतो.